थोडं अ‍ॅडजस्ट करा

मराठी माणसाच्या तोंडी दिवसाकाठी किती इंग्रजी शब्द येतात याची कोणी मोजदाद केली, तर 'सॉरी', 'थँक्यू' आणि 'ओके' यांच्या मागोमाग 'अ‍ॅडजस्ट' हा शब्द लागेल असे मला वाटते. पहिले तीन शब्द मुले शाळेत शिकून येतात. हा चौथा मात्र शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईंनाही चांगला अवगत असतो. भाजीवालीजवळ सुटा रुपया नसला की ती दोन मिरच्या जास्त टाकते आणि म्हणते, 'बाई, आज अ‍ॅडजस्ट करा.' सणाला पाहुणे अधिक आले की घरातली कर्ती बाई सतरंज्या आडव्यातिडव्या पसरून मुलांना तेच सांगते. शिंपी बाही अ‍ॅडजस्ट करतो, मेकॅनिक स्कूटरचा ब्रेक अ‍ॅडजस्ट करतो. दूरदर्शन घरोघरी नवे होते त्या दिवसांत कौलांवर चढून अँटेना अ‍ॅडजस्ट करणारा मुलगा आणि खालून 'आलं, आलं... गेलं!' असे ओरडणारे त्याचे कुटुंब, हे दृश्य आमच्या पिढीतील वाचकांना नक्कीच स्मरत असेल.

सेमिनरीतील शिक्षणाची काही वर्षे मी बंगळुरात काढली. तेथील बसमध्ये पहिले कानडी वाक्य शिकलो ते म्हणजे 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'. माझ्या बाकावरचा तमिळ सहाध्यायी म्हणे, 'कोंजम अ‍ॅडजस्ट पण्णुंग'. हिंदी भाषक 'ज़रा अ‍ॅडजस्ट कीजिए' म्हणतो, आपण 'थोडं अ‍ॅडजस्ट करा' म्हणतो. भाषा चार, कुळे दोन, पण वाक्याच्या मध्यभागी एकच परका पाहुणा ठाण मांडून बसलेला. आणि गंमत अशी, की त्याच्या पुढे प्रत्येक भाषेत तोच एक लहानसा भालदार उभा: स्वल्प, कोंजम, ज़रा, थोडं. 'पुष्कळ अ‍ॅडजस्ट करा' असे कोणी कोणाला म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मागणी नेहमी थोड्याचीच असते. ते थोडे म्हणजे किती, हे मात्र मागणारा सांगत नाही आणि देणाराही विचारत नाही.

इंग्रजाच्या स्वतःच्या घरी या क्रियापदाची वागणूक अधिक शिस्तीची आहे. तेथे त्याला बहुधा कर्म लागते. तो आरसा अ‍ॅडजस्ट करतो, गळ्यातील टाय अ‍ॅडजस्ट करतो, हिशेबातील रक्कम अ‍ॅडजस्ट करतो. माणसाविषयी बोलायचे झाले तर तो कशाशी जुळला, नव्या हवेशी की नव्या नोकरीशी, तेही बहुधा सांगितले जाते. परंतु समोरच्या अनोळखी माणसास काय आणि कशाशी हे काहीही न सांगता नुसते 'अ‍ॅडजस्ट' करण्याची विनंती करावी, ही आपल्या देशाची कमाई आहे. एखाद्या इंग्रज पाहुण्यास आपण तसे म्हटले, तर तो बिचारा प्रथम आपला चष्मा चाचपील, मग टाय, आणि अखेर गोंधळून आपल्याच तोंडाकडे पाहत राहील.

सेमिनरीत लॅटिनची घोकंपट्टी झालेली असल्याने शब्दाचे मूळ खणण्याची खोड आम्हा लोकांना लागते. लॅटिनमध्ये 'युक्स्ता' म्हणजे जवळ, निकट. त्याला 'आद' हा उपसर्ग लागून 'जवळ आणणे' असा अर्थ झाला आणि जुन्या फ्रेंचच्या वाटेने तो शब्द इंग्रजीत उतरला. वाटेत एक गैरसमज झाला. 'युस्तुस', म्हणजे न्याय्य, यथायोग्य, या दुसऱ्या लॅटिन शब्दाशी त्याचे नाते आहे असे लोकांनी मानले आणि 'जवळ आणणे' या अर्थावर 'यथायोग्य करणे' या अर्थाचे कलम झाले. शब्दांच्या बाबतीत असे गैरसमज पुष्कळदा फलदायी ठरतात. जवळीकही असावी आणि न्यायही असावा, अशी दोन्ही कुळांची पुण्याई या शब्दाला लाभली. पण याच 'युक्स्ता'ची आणखी एक संतती इंग्रजीत आहे. मध्ययुगातील सरदार घोड्यावर स्वार होऊन, भाले रोखून एकमेकांवर चाल करून जात, त्या द्वंद्वाला 'जाउस्ट' म्हणतात. तोही शब्द 'जवळ येणे' यातूनच निघालेला आहे. विवाहपूर्व शिबिरात मी हे सांगतो तेव्हा तरुण मंडळी हसतात. मागे बसलेले त्यांचे आईबाप हसत नाहीत.

दोन व्यवसायांत हा शब्द कसा वापरला जातो ते येथे सांगण्याजोगे आहे. पहिला घड्याळजींचा. जुन्या चांगल्या खिशातल्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले, तर आतील यंत्रावर कधी कधी इंग्रजीत 'पाच स्थितींत अ‍ॅडजस्ट केलेले' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली आढळतात. म्हणजे ते घड्याळ उताणे ठेवले, पालथे ठेवले, उभे टांगले, या ना त्या कुशीवर कलते केले, तरी त्याची वेळ सारखीच राहील अशी त्याची जुळणी केलेली आहे. आपण ज्याला अ‍ॅडजस्ट होणे म्हणतो त्याच्या हे अगदी उलट! ठेवाल तसे राहणे म्हणजे आमच्याकडे अ‍ॅडजस्ट होणे. कसेही ठेवले तरी आपली चाल न सोडणे, हा घड्याळजींचा अर्थ.

दुसरा व्यवसाय विम्याचा. इंग्लंडात घराला आग लागली किंवा पुराचे पाणी शिरले की विमा कंपनी 'लॉस अ‍ॅडजस्टर' नावाचा माणूस पाठवते. त्याचे पहिले काम नुकसानीची मोजणी. काय जळले, काय भिजले, किती किमतीचे होते, हे तो कागदावर मांडतो, आणि मग भरपाईचे बोलणे सुरू होते. आधी मोजणी, मग अ‍ॅडजस्टमेंट. हा क्रम ध्यानात ठेवावा.

आता आपल्या लोकलगाडीत येऊ. विरारहून चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. द्वितीय वर्गाचा बाक तिघांसाठी केलेला, पण त्यावर चौथा बसतो हा अलिखित कायदा आहे, आणि तो मोडणाऱ्याकडे सारा डबा जळजळीत नजरेने पाहतो. धर्मप्रांताच्या कामासाठी मला वारंवार मुंबईस जावे लागते, तेव्हा हा कायदा मी बारकाईने न्याहाळला आहे. चौथा माणूस येऊन उभा राहतो, हाताच्या पंजाने हवेतच सरकण्याची खूण करतो आणि मंत्र उच्चारतो, 'थोडं अ‍ॅडजस्ट...' तिघांनाही ठाऊक असते की जागा नाही. तरी खिडकीजवळचा दोन बोटे सरकतो, मधला चार बोटे, कडेचा वीतभर. नव्या माणसास अर्धे आसन मिळते. त्याचा एक पाय मार्गिकेत, दुसऱ्या मांडीवर पिशवी, आणि प्रत्येक वळणावर तो कडेच्या माणसास चिकटून स्वतःला सावरतो. कोणीच सुखात नाही. खिडकीचा मालक सर्वांत कमी सरकला हेही खरे आहे. जगाची रीतच तशी. पण सरकले सर्व. गैरसोयीचे चार वाटे झाले आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक आला. शिवाय ही गैरसोय मुदतीची असते. अंधेरी आली की कोणीतरी उतरतो आणि अर्ध्याचे पूर्ण होते. बायकांच्या डब्यात तर नेहमीच्या सोबतिणी अर्ध्या वाटेवर उठून उभ्या असलेल्यांना बसवतात, हे पुष्कळ भगिनींनी मला सांगितले आहे. त्या बाकावर हा शब्द आपल्या दोन्ही कुळांना जागतो. तेथे जवळीक आहे आणि बऱ्यापैकी न्यायही आहे.

हाच शब्द गाडीतून उतरतो आणि चपला काढून घरात शिरतो, तेव्हा मात्र त्याचे रूप पालटते.

आपल्या मराठीत या अर्थच्छटांसाठी शब्दांची काय वाण होती? मुळीच नाही. उलट इतकी सूक्ष्म विभागणी इंग्रजीत शोधूनही सापडणार नाही. कालवणात मीठ कमी पडले तर आपण 'चालवून घेतो'. महिनाअखेरीस पैसा कमी असला तर 'भागवतो'. वयस्क सासऱ्यांचा तिरसटपणा, धाकट्या जावेचा नवखेपणा 'सांभाळून घेतो'. आणि लक्षात घ्या, सांभाळून घेणारा थोर असतो, ज्याला सांभाळायचे तो लहान अथवा दुबळा. भांडण वाढू नये म्हणून एक जण 'पडते घेतो'. तो पडते घेतो आहे हे त्यालाही ठाऊक असते आणि समोरच्यालाही, म्हणून पुढच्या खेपेस समोरच्याने पडते घ्यावे अशी अपेक्षा धरता येते. 'जुळवून घेणे' यात दोन टोके आहेत. 'तडजोड' म्हटली की दोन पक्ष आले, मध्यस्थ आले, आणि दोघांनीही काही सोडणे आले. आणि या सर्वांच्या शेवटी, अगदी चुलीपाशी, एक जुना शब्द बसलेला आहे: 'सोसणे'.

सोसणे या शब्दात फसवणूक नाही. तो उच्चारताच वेदना दिसते, आणि वेदना दिसली की ती कोणी दिली हा प्रश्न मागोमाग येतो. कोणतीही आई आपल्या लेकीस 'जा, मार सोस' असे सहजी म्हणू शकणार नाही, जीभ अडखळेल. पण 'जा, थोडं अ‍ॅडजस्ट कर' हे ती म्हणू शकते, आणि म्हणतेही. 'अ‍ॅडजस्ट' या परक्या शब्दाने आपले सारे घरचे शब्द गिळले, आणि त्यांतही सर्वांत अधिक गिळला तो 'सोस'. विस्तव उचलायला आपण सांडशी घेतो, तसा आपण हा शब्द हाती घेतो. आपली बोटे भाजत नाहीत. विस्तव मात्र तितकाच ऊन असतो.

सरकारी मराठीत याच शब्दाला 'समायोजन' म्हणतात. शाळेतील तुकड्या कमी झाल्या की अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन होते. त्यात हाल होतात, तालुके बदलतात. पण निदान त्या आदेशावर नव्या शाळेचे नाव असते आणि हजर होण्याची तारीख असते. घरातल्या समायोजनाचा आदेश तोंडी. त्यावर तारीख नसते.

या शब्दाचा आणखी एक वापर मन विषण्ण करणारा आहे. मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केरळ शासनाने २०१७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सादर झाला आणि काही भाग वगळून १९ ऑगस्ट २०२४ रोजी लोकांपुढे आला. त्या व्यवसायातील स्त्रियांना 'कॉम्प्रोमाइज' आणि 'अ‍ॅडजस्टमेंट' हे दोन शब्द चांगले परिचयाचे आहेत, असे त्यात नमूद आहे. काम हवे असेल तर शरीर द्यावे लागेल, एवढाच त्यांचा अर्थ. ज्याला ते स्पष्ट शब्दांत मागण्याची लाज वाटते, तो हा शब्द वापरून सभ्यपणे मागतो.

आम्ही धर्मगुरू या बाबतीत मोकळे आहोत असे नाही. विवाहाच्या मिस्सेत इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला गेला की पुरुषमंडळींना बाविसावी ओवी तेवढी पाठ होते, 'स्त्रियांनो' अशी सुरू होणारी. तिच्या लगेच वरची एकविसावी ओवी एकमेकांच्या अधीन राहण्यास सांगते, ती कोणाच्या ध्यानात राहत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये 'मुलिएरिस दिग्नितातेम' या पत्रात हे स्पष्ट केले की ही अधीनता एकतर्फी नसून परस्परांची आहे. म्हणजे लोकलच्या बाकासारखी, असे मी माझ्या मनाशी म्हणतो. क्रूस वाहावा लागतो, हे वाक्यही अशा प्रसंगी फार स्वस्तात वापरले जाते. लॅटिन बायबलात योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशूची माता क्रूसाजवळ उभी असल्याचे म्हटले आहे, तेथे 'जवळ' साठी हाच 'युक्स्ता' शब्द आहे. ज्याला क्रूस दिला गेला त्याच्या जवळ ती उभी राहिली. त्याला तो उचलायला तिने सांगितले नव्हते.

आपल्या पुष्कळ भाविकांना हेही ठाऊक नसते की चर्चचा कायदा विवाहबंध अतूट मानत असूनही, मार खात एका छपराखाली राहण्याची सक्ती करीत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे कलम ११५३ सांगते की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या अथवा मुलांच्या मनाला वा शरीराला गंभीर धोका होत असेल, किंवा सहजीवन अतिशय कठीण केले जात असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांची अनुज्ञा घ्यावी. पण थांबण्यात धोका असेल तर तेवढीही वाट पाहण्याची गरज नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये 'आमोरिस लेतित्सिया'त लिहिले की काही वेळा असे वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते.

देशाच्या कायद्याने ख्रिस्ती स्त्रीला फार काळ अ‍ॅडजस्ट करायला लावले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीने मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करायचे. नुसती क्रूरता पुरेशी नव्हती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. त्यानंतर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आला, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक माराबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारात मोडतो. स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क त्याने दिला आहे.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. ती पॅरिशच्या कार्यालयातली आहे, पापनिवेदनातली नव्हे, आणि ओळख पटेल असे तपशील मी त्यातून काढले आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी एक आई आपल्या विवाहित मुलीस घेऊन आली. मुलगी तिशीची. उकाडा जीव घेत होता आणि तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा झगा होता.

"फादर, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच," आई म्हणाली. "तुम्ही हिला दोन शब्द सांगा. तुमचं ती ऐकेल. थोडं अ‍ॅडजस्ट करून घे म्हणावं."

मी एक कोरा कागद घेतला आणि मध्ये उभी रेघ ओढली. विम्याच्या त्या माणसाची आठवण झाली होती म्हणा ना. मुलीस विचारले, "तू आजवर काय काय अ‍ॅडजस्ट केलंस ते सांग. मी लिहितो."

प्रथम ती गप्प राहिली. मग एकेक येऊ लागले. नोकरी सोडली. त्याआधी पगार सासूच्या हाती देत होते. गायनमंडळ सोडले. फोन त्याच्यासमोरच करायचा. माहेरी फक्त नाताळात, तेही जेवून परत. कोणाशी मोठ्याने हसायचे नाही. कागदाची डावी बाजू भरत आली तेव्हा ती थांबली आणि नकळत तिने बाही आणखी खाली ओढली. आई इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होती. ती आता कागदाकडे पाहू लागली.

"आणि त्याने काय अ‍ॅडजस्ट केलं?" मी विचारले.

मुलीने खरोखरच विचार केला. ती प्रामाणिक होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "रात्री टीव्ही लहान आवाजात लावतो."

मी तेही लिहिले. पंखा फिरत होता, उजव्या बाजूच्या कोऱ्या कागदाचा कोपरा उडत होता. आईने तो बोटाने दाबून धरला. तिला फारसे वाचता येत नसावे, पण एका बाजूला किती शाई आहे आणि दुसऱ्या बाजूला किती, हे पाहायला अक्षरओळख लागत नाही. कलम ११५३ वगैरे मी सांगितले, संरक्षण अधिकारी कोठे बसतात तेही सांगितले. तिने ते कितपत ऐकले, कोण जाणे. ती उठली आणि मुलीस म्हणाली, "चल. वरच्या खोलीतलं शिवणयंत्र खाली आणू. तुझी खाट मावेल तिथं."

ते यंत्र जुने, ओतीव लोखंडाच्या पायांचे होते. ते जिन्यावरून उतरवायला मी संध्याकाळी युवकसंघातली दोन मुले पाठवली. नवऱ्याला दोनदा निरोप धाडला. तो एकदा आला, पंधरा मिनिटे बसला. "तिला पाठवून द्या फादर, मी अ‍ॅडजस्ट करीन," म्हणाला. काय काय करशील, असे मी विचारले. पुढल्या रविवारी सांगतो, म्हणाला. त्या गोष्टीला आता तीन पावसाळे झाले.